पलीकडच्या पोस्टमनचा पाय

पायवाले म्हणजे नकली पाय बनवणारे. खरं नाव असेल घराच्या वीजबिलावर, हाक त्या नावानं कुणी मारत नसे. सीमेवर सुरुंग पेरणाऱ्यांनी त्यांना आयुष्यात कधी रिकामं बसू दिलं नाही. लढाईत मुलाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा तोही पाय त्यांनीच केला. थोटूक दरवर्षी थोडं आकसतं, पाय ज्यात बसतो ती खोबण सैल होते, मग नव्यानं माप घ्यावं लागतं. मुलगा स्टुलावर, बाप जमिनीवर. बोलणं फारसं नसे, पण दोघांमध्ये जी काही माया होती ती त्या अर्ध्या तासात होती.

दोन्ही देशांची सरकारं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, म्हणून इकडच्या-तिकडच्या साध्या माणसांनी ठरवलं, आपणच बोलू. पलीकडून अकरा जण आले. वाचनालयाच्या सभागृहात तीन दिवस बैठक होती आणि पायवाल्यांनाही बोलावणं होतं.

"जा, बाबा," मुलगा म्हणाला. "पण माझ्या वतीनं काही बोलू नका."

कसलं बोलतायत! भाषणं ऐकायला गेलेला हा माणूस लोकांच्या चाली बघत बसला. जित्याची खोड, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी पलीकडचा एक पोस्टमन बोलायला उठला. टपाल वाटताना त्याचा पाय सुरुंगावर पडला होता, आणि तो सुरुंग इकडच्यांनी पेरलेला होता. पण माईकपर्यंतच्या दहा पावलांतच पायवाल्यांना कळलं होतं, की खोबण हाडाला घासतेय. चहाच्या सुट्टीत ते थेट त्याच्यासमोर खाली बसले, विजार वर सारली आणि खिशातली टेप काढली.

"किती दिवस सोसताय हे?"

"सात वर्षं," पोस्टमन म्हणाला, आणि एवढ्या लोकांत रडायला लागला.

कुणीतरी फोटो काढला. पेपरात छापताना कडेचा भाग कापला, त्यात टेप गेली आणि पायही गेला. उरला खुर्चीतला शत्रू आणि त्याच्यापुढे मान खाली घालून बसलेला आपला माणूस. मथळा होता, 'अशी चालली आहेत शांततेची बोलणी!'

गिऱ्हाइकं तुटली, त्याचं पायवाल्यांना फारसं वाटलं नाही. पण फोटो मुलाला पाठवला तो त्याच्या तुकडीतल्या मित्रांनी. त्या तुकडीतले तिघे परतच आले नव्हते. मापाचा दिवस आला आणि मुलगा वरच्या मजल्यावरून खाली कामाच्या खोलीत उतरला नाही.

"अरे, मी फक्त माप घेत होतो," पायवाले जिन्यातून म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. पण तुम्ही माझ्यासमोर खाली बसलात, की मला तोच फोटो दिसणार."

दुसऱ्याकडून करून घे म्हटलं, तर 'बघू' म्हणाला. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नव्हता, आणि बापाचा नको होता. जिन्यावरच्या पावलांवरून पायवाल्यांना सगळं कळत होतं. खोबण सैल झालीय. आता आत कापूस कोंबलाय. आता भार सगळा उजव्या पायावर.

"मी सांगून थकले," सून म्हणाली. "हट्टात तुमच्यावर गेलेत, बाबा."

अशात पलीकडून पोस्टमनचं पत्र आलं. पायवाल्यांनी त्या मापानं करून पाठवलेली खोबण चपखल बसली होती आणि तो टेकडीवरच्या वस्तीत पुन्हा स्वतः टपाल नेत होता. पायवाल्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. पत्र त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

सैल खोबण घासून झालेली जखम मुलानं लपवली. ताप चढला तेव्हा फार उशीर झाला होता. जीव वाचवायचा तर गुडघा काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. काढला.

चौथ्या दिवशी सकाळी मुलानं स्वतःच चादर बाजूला केली.

"घ्या माप, बाबा."

पायवाले खाटेशी खाली बसले आणि त्यांनी टेप काढली. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आधी गुडघ्यावर ठेवायला गेला, तो गादीवर पडला. तिथेच राहिला.

"अजून वर," मुलगा हळूच म्हणाला.