सूनबाईचा पालथा डोंगर

…तर काल आपण कुठं होतो? हां, सूनबाई अर्ध्या जेवणावरून उठली, तिथं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. आमची सूनबाई प्रयोगशाळेत दगडांची वयं काढते. दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा आणि घमेलंभर पिठातून चिमूटभर झिरकॉन निवडायचे, हे तिचं काम. म्हणून शेजारी तिला चाळणीबाई म्हणतात. झिरकॉन म्हणजे मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक. तापल्या लाव्हात जन्मताना तो युरेनियमला आत घेतो, पण शिशाला दारातही उभं करत नाही. पुढं त्या युरेनियमचं सावकाश शिसं होत जातं. युरेनियमच्या मानानं शिसं किती साठलं, ते मोजलं की वय निघालं. आम्ही गावच्या शाळेतले. डोक्यावरून हात घालून कान धरता आला की मास्तर म्हणायचे, "झाला सहाचा!" माझा हात जन्मतःच लांब, त्यामुळं माझं खरं वय अजून कोणाला माहीत नाही.

असो. काम होतं तांबं-जस्ताच्या एका साठ्याचं. अडीचशे कोटी वर्षांमागं समुद्राच्या तळातून उकळतं पाणी वर यायचं, त्यातून हा धातू साचला. साठ्यात स्वतःचा झिरकॉन नव्हता, म्हणून सूनबाईनं त्याच्या खालचा आणि वरचा लाव्हा मोजायला घेतला. दोघांच्या मधलं ते साठ्याचं वय. खनिजातल्या शिशाचे समस्थानिक, म्हणजे एकाच शिशाचे हलके-जड भाऊ, तेही मोजून झाले होते. धातू कुठल्या खडकातून आला, तो माग नीट लागला होता. राहिलं होतं फक्त वय.

आणि ते आलं भलतंच. खालचा थर वरच्यापेक्षा तरुण! पाया घराच्या नंतर बांधला म्हणावा, तसं.

तोच फोन जेवताना आला आणि ती उठली.

"अगं, भात तरी संपव," आमची ही म्हणाली.

"आई, नको. कापड बदललं की नाही, तेच आठवत नाहीये."

त्यांच्याकडं शिस्त अशी, की प्रत्येक दगडाला चाळणीवर नवं कापड ताणायचं. जुनं टाकून द्यायचं, कारण जाळीत अडकलेला एक कणसुद्धा पुढच्या दगडात शिरला की परका पाहुणा घरचा म्हणून मोजला जातो. खालचा दगड चाळायच्या दिवशी नातीच्या शाळेतून फोन आला होता, पोरीला ताप भरलाय म्हणून. सूनबाई धावत गेली, परत आली, चाळायला बसली. मधे कापड बदललं का? त्याआधी दुसऱ्या कोणाचा तरुण दगड चाळला होता. खालच्या दगडात झिरकॉन मुळातच कमी, म्हणजे मोजले ते सगळे पाहुणेच असले तर?

चिरंजीव म्हणाले, "एवढं काय? अडीचशे कोटीत थोडं इकडंतिकडं."

"तुमच्या पगारात होऊ दे इकडंतिकडं, मग विचारते!"

बोलली खरी, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या हातचं म्हटलं की मॅडम दुसऱ्यांदा तपासत नसत, आणि हे खोटं निघालं तर तिनं आजवर काढलेलं प्रत्येक वय संशयात जाणार होतं. मॅडम म्हणजे तिच्या प्रमुख. सकाळी जाऊन तिनं त्यांना सगळं सरळ सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अर्धा दगड उरलाय ना? फोड."

मग नवं कापड, धुतलेलं यंत्र, सगळं पहिल्यापासून. ते दिवस घरात आम्ही चोरपावलांनी वावरलो. नात मात्र रोज विचारायची, "आई, दगड मोठा झाला का?"

निकाल आला. तेच वय! खालचा पुन्हा तरुणच.

म्हणजे पाहुणे नव्हते, घरचेच होते. मग घोळ कुठं? मॅडम आणि ती गोदामात गेल्या. तिथं जमिनीत भोक पाडून काढलेले दगडी दांडे लांबट पेट्यांत ओळीनं मांडलेले. सूनबाईनं एकेक पेटी खोलीप्रमाणं लावली आणि वरून खाली बघत गेली. अशा साठ्यात तांबं तळाशी असतं, गरम पाण्याच्या तोंडाजवळ, आणि जस्त त्याच्यावर. इथं पिवळं तांबं वर, तपकिरी जस्त खाली. सगळ्यांनी ते आधीही पाहिलं होतं, मॅडमनीसुद्धा. इथली तऱ्हाच वेगळी म्हणून सोडून दिलेलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हा डोंगर पालथा पडलाय."

मॅडम मटकन पेटीवरच बसल्या आणि हसत सुटल्या. जुन्या काळी जमीन दुमडली तेव्हा थरच्या थर उलटले होते. ज्याला सगळे खालचा म्हणत होते, तो मुळात वरचा. खाणीची कंपनी तांब्याच्या शोधात ज्या बाजूला आणखी खोल खणणार होती, ती बाजूच चुकीची होती.

त्या दिवशी ती घरी आली ती चपला न काढता तशीच खुर्चीत पडली. आमच्या हिनं चहा पुढं केला. मला राहवेना. म्हटलं, "सूनबाई, एवढा मोठा डोंगर पालथा घातला तरी कोणी?"

ती डोळे मिटूनच म्हणाली, "ते मला विचारू नका, बाबा. मी नाही घातला, एवढं सिद्ध झालं. आता मला झोपू द्या."