पहिली कात्री आत्यांची

आमच्या गणवेशाच्या कारखान्याचा मालक कोण, असं विचारलं तर कागदावर उत्तर एकच: माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. जुळे सोलापुरातल्या घराच्या तळमजल्यावर सासऱ्यांनी मशिनी टाकल्या, तेव्हा आत्यांच्या हाताला यश आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. कापडाचा नवा तागा आला की पहिली कात्री आत्यांनी लावायची, मग कटिंग मास्तरांनी. तोच न्याय त्यांनी कागदांनाही लावला. जीएसटीची नोंदणी आत्यांच्या नावावर, बँकेतलं खातं त्यांच्या नावावर, शाळांच्या ऑर्डरी त्यांच्याच नावावर. सासरे गेले, रिवाज राहिला. कापड मी बघते, वसुली नवरा बघतो आणि ओटीपी आत्या बघतात. आमच्या टॅक्सच्या वकिलांचा फोन आला की आत्या स्वयंपाकघरातून आकडे वाचतात, आधी स्वतःशी कन्नडमधून, मग वकिलांसाठी मराठीतून. माहेर कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळे हिशेब कन्नडमध्येच होतो.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल, फार लांबवू नका. आत्या मान डोलवायच्या आणि तारीख आली की पुढे ढकलायच्या. कधी म्हणे संक्रांत होऊ दे, कधी म्हणे शाळा उघडू दे. आमचा सगळा धंदा जूनच्या आधीचा, त्यामुळे मीही फार ताणून धरलं नाही. पण मनात चिडायची. बाई घाबरली आहे आणि कबूल करत नाही, एवढंच मला दिसत होतं.

मग एकदा वकील घरी आले होते, तेव्हा चहा देता देता मी ऑपरेशनचं सहज बोलले. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, एकट्याच्या नावावरची फर्म म्हणजे तो माणूसच असतो. उद्या काही बरंवाईट झालं तर हा जीएसटी नंबर तुम्हाला चालवता येणार नाही, खातं थांबेल, आणि वारसांच्या सह्या होईपर्यंत तुम्ही हात चोळत बसाल. वारस म्हणजे माझा नवरा, पुण्याचा दीर आणि टेंभुर्णीची नणंद. सह्या सगळेच करतील, पण शाळा थांबतील का? उपाय त्यांनीच सांगितला. तिघांची भागीदारी करायची, आत्या, नवरा आणि मी. एक भागीदार गेला तरी फर्म चालू राहील असं करारात लिहायचं. नवा नंबर घ्यावा लागेल, म्हणून जे करायचं ते आताच.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. खाली मशिनींवर बायका बसलेल्या असायच्या, त्यांच्या चुली आमच्या ऑर्डरींवर. आत्या जिना चढताना थांबल्या, त्यांना धाप लागली, की मला आधी बँकेतलं खातं आठवायचं, मग आत्या. याची लाज वाटायची, आणि तरी खातंच आधी आठवायचं.

पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? ऑपरेशनच्या तोंडावर मरणाचा कागद पुढे करणं म्हणजे अभद्रच. नवरा म्हणाला, तू बोल, तुझं त्या ऐकतात. मी म्हटलं, आई तुमची. मग त्याने युक्ती काढली. आत्या सही करतात ती आम्ही पेन्सिलीने फुली मारू तिथे, विचारत नाहीत. चेकबुकाबरोबर कराराचा कागदही सरकवायचा, झालं. माझं डोकंच सणकलं. ज्या बाईच्या नावावर घर जेवतं, तिला फसवून तिचंच मरण लिहून घ्यायचं? त्याला म्हटलं, तुमच्याच्याने होत नसेल तर गप्प बसा, मी वाचून दाखवते.

दुपारी मशिनी जेवणासाठी बंद होत्या. आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि कराराचा मसुदा वाचायला लागले. नावं झाली, पत्ता झाला, कामाचं स्वरूप झालं. "एखाद्या भागीदाराचा मृत्यू झाल्यास" इथे मी अडखळले.

"वाच की," आत्या म्हणाल्या.

मी वाचलं. त्यांनी तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. शेंगा फोडणारा हात थांबला होता. मी घाईघाईने सांगायला लागले, की तुमचं नाव काढत नाही, पहिलं नाव तुमचंच, पहिली कात्रीही तुमचीच. त्यांचं लक्षच नव्हतं.

"म्हंजी मी न्हाय ऱ्हायले तरी पोरांची कापडं थांबायची न्हाईत?"

"नाही थांबायची, आत्या."

मग त्यांनी कोपऱ्यावरच्या स्टेशनरी दुकानाचं काढलं. मालक अचानक गेला, तेव्हापासून शटर खाली आहे, पोरं बँकेच्या पायऱ्या झिजवतात. देवळात जाता-येता त्या ते शटर रोज बघत होत्या. आम्हीही बघत होतो म्हणा, पण आमच्यासाठी ते दुसऱ्याचं दुकान होतं.

"म्हनून डॉक्टरला फुडं ढकलत हुते," त्या म्हणाल्या. "म्हनलं, शाळा उघडूस्तर तरी मरायचं न्हाय."

"आम्हाला वाटलं, तुम्ही भिताय."

"भेतच हुते की. तुमी इचारंना, मी सांगंना."

मी म्हटलं, हा नुसता मसुदा आहे, खरी सही वकिलांपुढे करायची. त्यांनी तरी पेन मागितलं. या कागदावर मी फुली मारली नव्हती. खालची जागा त्यांनी बोटाने शोधली आणि नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण. मग पदरातली टरफलं झटकली आणि त्यांचा ओटीपीचा फोन माझ्या हातात दिला.

"आता त्या डॉक्टरला लाव. जवळची तारीख दे म्हनावं."