चालू मेनची पूजा

प्रियदर्शनीला कुणी "हे तुला जमायचं नाही" असं म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजा. पलूसकडच्या वाडीत ती सातवीत असताना आजोबा एकदा म्हणाले होते, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर हे पोरीबाळींचं काम नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने स्टार्टर उघडला आणि त्याची जळकी कॉइल आजोबांच्या पुढ्यात आणून ठेवली. स्टार्टर परत जोडायला मात्र मिस्त्री बोलवावा लागला आणि उसाला पाणी दोन दिवस उशिरा पोचलं. गोष्ट सांगताना तेवढा भाग ती गाळायची. वडील फौजेत होते. त्यांनी सुट्टीवर आल्यावर पोरीची बाजू घेतली, म्हणून ती सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आली. पुढे लग्नाच्या दोन बैठकी तिने स्वतःच मोडल्या. एका मुलाने विचारलं, "लग्नानंतर नोकरी सोडाल ना?" तिने विचारलं, "तुम्ही सोडाल का?" त्या बैठकीतले पोहे तसेच राहिले.

एकोणीसशे नव्याण्णव साली ती सव्वीस वर्षांची होती आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका संगणक केंद्रात शिकवत होती. केंद्र म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला. खाली लालासाहेबांचं लेथचं वर्कशॉप. वर दोन खोल्या होत्या, रस्त्याकडची मुलांच्या तुकडीची आणि मागची मुलींची. पंखा अर्थातच रस्त्याकडच्या खोलीत. मागच्या खोलीत सहा जुनी यंत्रं होती. त्यांना स्वतःची हार्डडिस्क नव्हती, एका मुख्य यंत्राच्या जोरावर ती चालायची. त्या मुख्य यंत्रावर प्रियदर्शनीने मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लिनक्स घातलं होतं, कारण ते फुकट होतं आणि जुन्या यंत्राला झेपत होतं. त्यावर बारा मुली शिकत. कुणी कवलापूरहून सायकल मारत यायची, कुणी एसटीने तासगावहून. बाईंच्या हाताखाली त्या आता पत्रं टाइप करण्यापलीकडे जाऊन बारीकसारीक प्रोग्राम लिहू लागल्या होत्या.

ऑगस्टात एका दुपारी जवळच वीज पडली आणि मुख्य यंत्राचं नेटवर्क कार्ड जळालं. नवं कार्ड आणलं, तर लिनक्सचं जुनं कर्नेल त्याला ओळखेना. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलायचं काम त्याचं, आणि हे कार्ड त्याच्या जन्मानंतर बाजारात आलेलं. कार्ड चालेना म्हणून सहाही यंत्रं बंद पडली.

केंद्राचे मालक चिंतामण सर. सांगलीतल्या गावभागातले, इस्त्रीच्या शर्टाचे, आवाज कधीही न चढवणारे. त्यांनी पुण्याच्या एका विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, ही जुनी भांडी काढून टाका. सरांनी लगेच ठरवलं, की दसऱ्याच्या मुहूर्तावर मुलांच्या खोलीत नवी यंत्रं येतील आणि त्याच टेंपोतून मुलींच्या खोलीतली जुनी जातील. फळ्यावर नोटीस लागली: 'यंत्रे बंद असल्याने मुलींची तुकडी दसऱ्यापासून बंद करण्यात येत आहे.'

"सर, यंत्रं बंद नाहीत. कर्नेल जुनं झालंय. नवं घातलं की चालतील," प्रियदर्शनी म्हणाली.

"अहो, ही पुण्यातल्या इंजिनिअरांची कामं. तुम्हाला जमायचं नाही ते," सर मायेने म्हणाले.

झालं! सरांना तिच्या आजोबांची गोष्ट ठाऊक नव्हती.

नवं कर्नेल दुसऱ्या एका सीडीवर होतं, पण कच्च्या स्वरूपात. ते ज्या यंत्रावर चालवायचं तिथेच तयार करून घ्यायचं, आणि त्या म्हाताऱ्या यंत्राला त्यासाठी सलग पाच तास लागणार होते. घोडं पेंड खात होतं ते या 'सलग'पाशी. खाली वेल्डिंगची ठिणगी उडाली, की वर व्होल्टेज ढासळायचं, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं आणि अर्धवट लिहिलेल्या फायलींची माती व्हायची. मग पुसा सगळं आणि करा श्रीगणेशा. असं तीनदा झालं. वीज ढासळली तर यंत्र तगवणारी बॅटरी मरून पडली होती. बंद होणाऱ्या तुकडीसाठी नवी कशाला, असं सरांचं म्हणणं. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आल्यामुळे लालासाहेबांचं वर्कशॉप दोन पाळ्यांत चालत होतं, रविवारीसुद्धा. आणि दुसरी पाळी सुटली, की इमारतीला कुलूप.

तिसऱ्यांदा माती झाली त्या दिवशी ती कॅलेंडरसमोर उभी राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी अख्ख्या कुपवाडात एकही लेथ फिरत नाही. अवजारं धुऊनपुसून पूजेला मांडायची आणि त्यांना हात लावायचा नाही, ही रीत. व्होल्टेज कसं दोरीसारखं सरळ राहील!

सरांना कुणकुण लागली. "खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"कळतं की सर. सगळे बंद ठेवतात, म्हणून तर मी चालवणार."

सर हसले. ती थट्टा करतेय असं त्यांना वाटलं.

खंडेनवमीला सकाळी सातला तिने मागच्या खोलीचं दार उघडलं, आज्ञा दिली आणि पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागल्या. खाली लेथ धुतले जात होते, झेंडूचे हार बांधले जात होते. नऊ वाजले, दहा वाजले, दिवा एकदाही मिणमिणला नाही. अकराला तिने डब्यातली भाकरी काढली आणि पायावर पाय टाकून खात बसली. चार तास पार पडले होते, उरला होता एक. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला.

"गुंडा, हार घे रं. मेन पाडून पूजा करू आन मोकळं होऊ."

भाकरी तिच्या हातातच राहिली. सगळ्या इमारतीचा मेन स्विच जिन्याच्या वळणावर होता. खालचे लेथ, ड्रिल, वेल्डिंग मशीन, सगळ्यांचा हिशेब तिने केला होता आणि नेमका मेनच विसरली होती. विसरावं तरी कुणी? घरी दर खंडेनवमीला आजोबा विहिरीवरचा स्टार्टर बंद करून त्यालाच कुंकू लावायचे, आणि फुलांची परडी धरून हीच उभी असायची. स्वतःवर अशी चिडली ती, की दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली.

लालासाहेब हातात ताट घेऊन उभे होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा उंच माणूस. मागे त्यांचा कामगार गुंडा हार घेऊन, आणि त्याच्यामागे पुरणाचा नैवेद्य झाकून आणलेल्या त्यांच्या बायको, बनुबाई.

"मामा, थांबा! मेन पाडू नका. वर यंत्र चालू हाय माझं. तासभर ऱ्हायलाय निस्ता."

लालासाहेबांच्या भुवया चढल्या. "आजच्या दिसाला यंत्र चालवतीस? कुनाच्या घरची गं तू? तुमच्यात अवजारं पुजत न्हाईत व्हय?"

"पुजत्यात. आजा तर इहिरीचा स्टार्टरबी पुजतो."

"मग? सर बाजूला."

ती सरली नाही. तिने मेनच्या दांड्यावर तळवा ठेवला. "न्हाई सरत. आता मेन पाडला तर माझी चार तासांची मेहनत जाईल. उद्या टेंपो येनार, यंत्रं भंगारात जानार आन माझ्या बारा पोरी घरी बसनार. दोघींचं तर लग्नच लावून टाकत्यात घरचे. मी हात काढनार न्हाई."

"पोरी, बारा वर्सं झाली वर्कशॉपला. एकबी खंडेनवमी ह्यो मेन चालू ऱ्हायला न्हाई. आन भल्याभल्या जवानांना ह्या हातानं सरळ केलंय म्या."

"मग मलाबी करा. पर तासाभरानं."

गुंडाला हसू फुटलं. लालासाहेबांनी नुसतं बघितलं, तसं ते त्याने गिळलं. तेवढ्यात मागून बनुबाईंचा आवाज आला.

"आवं, मी काय म्हंते. सकाळी देवापुढं माझी इळीबी मांडली न्हवं तुमी? कुकू लावलं, फूल वाह्यलं?"

"मांडली की. मग?"

"मग ह्या निवदाची भाजी कशानं चिरली वो म्या? त्याच इळीनं. पूजा झाली आन धा मिन्टात उचलली. तुमच्या लेथला सुट्टी. माझ्या इळीला आजपातुर कवा दिली का?"

संसाराला तीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न बाईने कधी विचारला नव्हता. लालासाहेबांनी बायकोकडे बघितलं, दांड्यावरच्या हाताकडे बघितलं, आणि ताट गुंडाच्या हातात दिलं.

"काढ हात," ते म्हणाले. "पाडत न्हाई. शब्द हाय माझा."

तिने हात काढला. लालासाहेबांनी चालू मेनला, दांडा वरच असताना, कोरडं हळदकुंकू वाहिलं आणि हार घातला. पाणी शिंपडायला गुंडा पुढे झाला, त्याला त्यांनी एक शेलकी फौजी शिवी दिली. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आता उद्या पूजा हलवस्तवर ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. तूबी न्हाई. समजलं?"

"समजलं, मामा."

बाराच्या सुमाराला पडद्यावरच्या ओळी थांबल्या. कर्नेल तयार झालं होतं. जुनं तिने पुसलं नाही. नवं फसलं तर परतायला वाट हवी, म्हणून ते शेजारीच ठेवलं. नव्याची नोंद केली आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर एकेक भागाचं नाव उमटत गेलं आणि अखेर नव्या कार्डाची ओळ आली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. तसंच नाक ओढत तिने सहाही यंत्रं एकामागून एक उठवली, मग खाली जाऊन बनुबाईंच्या हातच्या चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

दसऱ्याला सकाळी आठ वाजता टेंपो आला. चिंतामण सर नवीन झब्ब्यात, बरोबर पुण्याचा विक्रेता. मागच्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले. सहा यंत्रांवर बारा मुली बसल्या होत्या, एकेका खुर्चीवर दोघी-दोघी. विक्रेत्याने वाकून पडदा बघितला. "चालतंय की हो," तो सरांना म्हणाला, आणि ते त्याने म्हणायला नको होतं.

सरांचे कान लाल झाले. "चालत असेल. पण नोटीस लागलीय, निर्णय झालाय. उठा गं मुलींनो."

एकही उठली नाही. सगळ्या बाईंकडे बघत होत्या.

"सर, नोटिशीत लिहिलंय की यंत्रं बंद आहेत म्हणून तुकडी बंद," प्रियदर्शनी म्हणाली. "सही तुमची आहे. यंत्रं तर चालू आहेत. एक तर नोटीस काढा, नाहीतर यंत्रं बंद करून ती खरी करा."

आवाज कधी न चढवणारे सर ओरडले, "करतोच बंद!" आणि तरातरा जिन्यात गेले. मेनकडे त्यांचा हात गेला, तोच खालच्या पायरीवरून लालासाहेबांचा आवाज आला.

"सर! हात न्हाई लावायचा. पूजा मांडलीया. सांजच्याला सोनं लुटून आल्यावर हलवायची, मग काय करायचं ते करा."

"अहो, पण मेन चालू आहे! चालू मेनची कधी पूजा असते का? ही कुठली रीत?"

"आमच्या वर्कशॉपची," लालासाहेब म्हणाले. "कालपास्नं."

दसऱ्याच्या दिवशी, कुंकू लावलेल्या यंत्राला, खालच्या आठ कामगारांदेखत हात लावायची सरांची छाती झाली नाही. ते वर आले. रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत चालू दे."

"दिवाळीपर्यंत नाही, सर. नोटीस उतरवा."

सर पाठ फिरवून रस्त्याकडच्या खोलीत गेले. तेव्हा तिने स्वतःच फळ्यावरच्या टाचण्या काढल्या, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ठळक लिहिलं: 'मुलींची तुकडी, रोज सकाळी आठ ते दहा. यंत्रे चालू आहेत.' तो कागद परत त्याच जागी टोचला आणि रस्त्याकडच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आणि सर, पंखा," ती म्हणाली.