भाकरी सुटली तेव्हा

सुनंदा, उंब्रजला मी सांगलीची एसटी धरली तेव्हा माझा उजवा हात ओल्या पंच्यात गुंडाळलेला होता आणि डाव्या हाताला माझी लेक पल्लवी होती. कंडक्टरनं तिकीट देताना हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि काही न विचारता पुढं गेला. मला बरं वाटलं. विचारलं असतं तर काय सांगणार होते? एका अंड्यापायी भाजलं म्हणून?

तू माझी धाकटी जाऊ, तू तिथंच होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. पण त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. आणि माझ्यासारख्या घर सोडून इकडं आलेल्या बायका भेटल्या की विचारतात. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

मला ताप येऊन गेला होता. उभी राहिले की चूल गरगरायची. त्या सकाळी भाकऱ्या थापता थापता मी एक अंडं उकडून घेतलं. आपल्या घरात अंडी, सायीचं दूध, मटणाच्या फोडी गडीमाणसांच्या. आपण बायका मागनं बसायचो, भाकरी आणि तळाचा रस्सा घेऊन. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, तसं चालायचं. अर्धं अंडं माझ्या तोंडात असताना तुझे थोरले दीर, पल्लवीचे वडील, पाणी प्यायला आत आले.

"कुणाला इचारून खाल्लंस?"

"ताप येऊन गेलाय, म्हणून..."

ते चुलीपाशी आले. माझं मनगट धरलं आणि तळवा तव्यावर दाबला. रागानं फटकन मारून बाजूला झाले असते तर गोष्ट वेगळी. ते दाबून उभे राहिले. भाकरी फुगत होती आणि तिच्या शेजारी माझा हात चरचरत होता. दारात पल्लवी शाळेचं दप्तर घेऊन उभी. सोप्यातनं आपल्या सासूबाई, आत्याबाई म्हणाल्या, "सोड रं, भाकरी करपंल." तेव्हा त्यांनी हात सोडला. तळव्याची कातडी तव्यालाच राहिली. तू घागर उचलून माझ्या हातावर ओतलीस, आणि चूल विझवली म्हणून तुझ्याही थोबाडीत बसली.

आईला फोन केला. ती लहानपणापासून सांगायची, बाईनं चूल बघावी, ताट बघू नये. त्या दिवशी म्हणाली, "हात बरा झाला की जा माघारी." मी माहेरी गेलेच नाही. कऱ्हाड मागं पडलं, इस्लामपूर आलं, पल्लवी माझ्या मांडीवर झोपली. मी खिडकीबाहेर ऊस बघत होते आणि मनात एकच चाललं होतं की हा सगळा पेटावा.

सांगलीत विश्रामबागेला मुलींच्या हॉस्टेलच्या खानावळीत चपात्या लाटायचं काम मिळालं. राहायला मागची खोली. उजवी मूठ आजही पुरती मिटत नाही, लाटणं फिरवताना कातडी तटतटते. तरी दिवस गेले, पल्लवी शिकली, नोकरीला पुण्याला गेली. इथं मला मारणारं कुणी नव्हतं. आणि तरीही मी शेवटीच जेवायची. मुली उठल्या की उरलेला भात, दोन गार चपात्या, बटाट्याची भाजी, वर गोड चहा. कुणी पनीर खा म्हटलं तर म्हणायची, राहू दे, मला चालतं काहीबी.

मग एक दिवस गॅसजवळच घेरी येऊन पडले. रक्त तपासलं, साखर निघाली, चांगली वाढलेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहाराच्या मॅडमकडं पाठवलं. पल्लवीच्याच वयाची मुलगी. ती म्हणाली, "मावशी, सुरुवातीचे काही आठवडे भाकरी, चपाती, भात, बटाटा, साबुदाणा, गूळ, साखर सगळं बाजूला ठेवायचं. अंडी, मासे, चिकन, पनीर, पालेभाज्या, काकडी, ताक यातनं निवडायचं. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. तुम्हाला यातलं काय आवडतं?"

मला सांगता येईना. तुला काय आवडतं ते मी सांगितलं असतं, सुकटीची चटणी. थोरल्यांना कलेजी. आत्याबाईंना मऊ भात. माझं काय, ते मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मंडईत गेले. भाजीवाली म्हणाली, "काय दिऊ, अक्का?"  माझा हात आपोआप बटाट्याकडं गेला, मागं घेतला. शेवटी एकेक भाजी हातात घेऊन स्वतःला विचारत राहिले. मेथी? हो. दोडका? नको, मला दोडका कधीच आवडला नाही, जन्मभर मुकाट गिळला. कारलं? हो. अंबाडी? हो, पण कण्या न घालता. पिशवी भरली आणि शेवटी अंड्यांच्या दुकानासमोर माझे पाय थांबले. तळवा जळायला लागला, खरंच, जसा त्या दिवशी. तरी घेतली.

पहिले दिवस वाईट गेले. डोकं फुटायचं, पायात गोळे यायचे, दिवसभर दुसऱ्यांसाठी चपात्या लाटायच्या आणि वास घ्यायचा. मॅडम म्हणाली, तुम्हाला बीपी नाही, तर ताकात मीठ घाला, थोड्या दिवसांत जाईल. डोकेदुखी गेली. राग मात्र वर आला. इतकी वर्षं भाकरीखाली दाबून ठेवल्यासारखा. खलबत्त्यात लसूण ठेचताना मला थोरल्यांची बोटं दिसायची. मी ठेचत राहायची, लसणाचा पार चिखल होईपर्यंत.

आणि त्याच दिवसांत ते आले. पल्लवीचं लग्न ठरतंय हे कुठून तरी कळलं होतं. दुपारी हॉस्टेल रिकामं. मी माझं ताट वाढून घेतलं होतं: दोन अंड्यांची पोळी, मेथी, काकडी, चिकनचे तुकडे. कढई अजून गॅसवर होती. ते सरळ आत आले.

"पोरीचं लगीन बापाला न इचारता?"

"तिला विचारा. ती मोठी आहे."

मग त्यांचं ताटाकडं लक्ष गेलं. बघत राहिले. "लय माजलीस व्हय?" म्हणाले आणि ताटाला लाथ मारली. अंडं भिंतीला जाऊन लागलं. मी उठायच्या आत माझे केस त्यांच्या मुठीत होते आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. परत. डोळ्यांत रक्त उतरलं. तिसऱ्यांदा मान मागं ओढली तेव्हा माझा हात कढईच्या दांड्यापर्यंत पोचला.

सुनंदा, लोक तुला सांगत असतील की बाईनं चुकून मारलं, झटापटीत लागलं. तसं नाही. मी बघून मारलं. केस धरलेल्या मनगटावर, सगळा जोर लावून. हाड मोडल्याचा आवाज आला आणि गरम तेल त्यांच्या दंडावरनं खाली ओघळलं. ते ओरडले आणि खाली बसले. मी कढई तशीच उगारून उभी राहिले. डोक्यात मारायची इच्छा होती. खोटं कशाला सांगू, खूप होती. पण त्यांनी मोडका हात छातीशी धरून माझ्याकडं वर बघितलं, आणि मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस म्हातारा झालाय.

"हलायचं न्हाई," मी म्हटलं. माझ्या तोंडात गावची बोली परत आली होती.

वॉचमन आला, पोलीस आले. थोरल्यांनाही दवाखान्यात नेलं, मलाही. कपाळावर टाके पडले. तक्रार मी दिली, त्यांनीही दिली, दोन्ही चालू आहेत. संध्याकाळी खोलीवर आले, भिंत पुसली, जमीन पुसली. भूक लागली होती. पेटीत अंडी शिल्लक होती. एक डोळा सुजून मिटला होता, तरी दोन फोडली, तुपात टाकली आणि बसून खाल्ली.

आता साखर बरीच खाली आहे. मॅडमनं थोडी ज्वारी परत सुरू करू म्हटलं. कधी करते, कधी नाही. तुला वाटत असेल, अक्काला उंब्रज आठवत नसेल. आठवतं. परड्यातली चिंच, कृष्णेकडनं येणारा वारा, तू पाटावर धुणं आपटताना गुणगुणायचीस ते. पण त्याला घर म्हणायला जीभ वळत नाही. या खोलीलाही कितीतरी दिवस म्हणवत नव्हतं.

मागच्या महिन्यात तू दाताचं निमित्त काढून आलीस, घरात कुणाला न सांगता. बाही वर गेली तेव्हा दंडावरचं काळंनिळं मी बघितलं, तू बाही खाली ओढलीस. मी उठून गॅस पेटवला. सुकटीची चटणी केली, मेथी केली, तुझ्यासाठी दोन भाकऱ्या केल्या, ताट वाढून तुझ्यासमोर ठेवलं. तू हात धुतलास, बसलीस, आणि ताटाला हात न लावता दाराकडं बघत राहिलीस.

"जेव की," मी म्हटलं.

"बाकीच्यांचं झालं का, अक्का?"

खोलीत आपण दोघीच होतो.