मास्तरांची खुर्ची

मोंबासाच्या गोदीत चौदा वर्षं क्रेन दुरुस्त करून मी शिरगावला कायमचा परत आलो, त्या दिवशी आईनं मला बसायला खुर्ची दिली. आमच्या घरात खुर्ची कधीच नव्हती. शेजारच्या मास्तरांकडून ती मागून आणली होती. "बस. प्यांट मळंल," आई म्हणाली. मला चहा कपबशीतून, आणि बाकीचे सगळे खाली बसून जर्मनच्या वाट्यांतून भुरकतायत. म्हटलं, चला, पहिल्या दिवसाचं कौतुक आहे.

कसलं काय! महिना झाला तरी खुर्ची हलेना. पापलेटची मधली तुकडी माझ्या ताटात, डोकी-शेपट्या घरच्यांना. टोपली उचलायला वाकलो की थोरली वहिनी धावायची, "भावजी, ठेवा, ठेवा!" आणि रोज सकाळी आईचा एकच सवाल, "मंग, कवा जानार?"

"नाही जाणार."

"बरं," ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. मी तीन महिने पाहुणा होतो. अकलेचा हिशोब तुम्हीच करा.

तशी चूक माझीच. सहा वर्षांपूर्वी मी असाच 'कायमचा' आलो होतो आणि दोन महिन्यांत बोट पकडून पसार झालो होतो. त्यामुळे गावही हसत होतं. तारापूरला वीजघराचं बांधकाम निघालेलं, बोईसर स्टेशनावर रोज नवीन माणसं उतरत होती. "तिकडं सायेब व्हशील, नायतर पुन्ना आफ्रिका," असं जो तो सांगायचा. हा बाबा आईच्या घरात माणसासारखा राहील, हे कुणाच्या टाळक्यात शिरतच नव्हतं. आणि मला तर तेवढंच हवं होतं. आईनं मला घरचा म्हणावं, काम सांगावं, चार शिव्या घालाव्यात. त्या खुर्चीत बसून मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू.

थंडीत एकदा आई सुकट घेऊन मासवणकडच्या गावांत गेली, सुकट देऊन भात आणायला. दोन दिवस येणार नव्हती. भाऊ होडीवर. आणि दारात ओल्या बोंबलांच्या टोपल्या. म्हटलं, आता दाखवतो.

आमच्याकडे बोंबील वाळवायचे म्हणजे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी किनाऱ्यावरच्या दोरीवर टाकायची. एकेक जोडी, हातानं, दिवसभर. मोंबासाचा फिटर असलं काय करतो? पेटीतून तार काढली आणि बोंबलांच्या गालफडांतून ओवत गेलो, एकाला एक चिकटवून. तीन दोऱ्यांचा माल एका तारेवर!

"भावजी, असं नाय करत," वहिनी म्हणाली.

"बघत राहा," मी म्हणालो. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

बोंबील म्हणजे नुसतं पाणी. त्याला चारी बाजूंनी वारा लागतो, हे पोटात असल्यापासून ऐकलेलं मी मोंबासाला विसरून आलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी आई आली तेव्हा तारेवर लगदा लोंबत होता. वास असा, की कावळेसुद्धा लांब बसलेले.

आईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"कोनी केलं ह्ये?"

"मी."

"मुडद्या!" तिनं अशी आरोळी ठोकली की होड्यांवरची माणसं वळली. "चौदा वरसं तितं काय शेन खाल्लंस? हात हायेत का वल्ही? शेंबड्या पोरीला जमतं ते तुला जमत नाय? आता खा ह्ये समदं, कच्चं खा!" पाठीत एक धपाटाही बसला. सगळा किनारा हसत होता आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं मी. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

संध्याकाळी मी विचारलं, "आई, इतके दिवस का नाही गं ओरडलीस?"

ती चुलीकडे बघत म्हणाली, "पावन्याला कोन शिव्या देतं? पावना ग्येला तर नुसती खुर्ची रिकामी व्हते. मागच्या टायमाला लेक ग्येला व्हता. वरीसभर माज्या घशाखाली घास उतरला नाय."

रात्री माझ्या ताटात शेपटी होती. ती खाल्ली.

सकाळी तिनं सवाल केला नाही. उजाडायच्या आत पायानं ढोसलं. "ऊठ. आज माज्यासंगं बस, जबडं कसं अडकवतात दावते. आन आदी ती खुर्ची देऊन ये. मास्तर बिचारा तीन म्हैने डब्यावर बसून वह्या तपासतोय."

मी खुर्ची डोक्यावर घेतली आणि निघालो.