एकेचाळिसाव्या पानावरची चूक

बसड्रायव्हरची थोरली लेक सहा वर्षं गणितातल्या फंक्शनल ॲनालिसिस या शाखेतल्या एका प्रमेयामागे हात धुऊन लागली होती. पीएच.डी.चा प्रबंध द्यायच्या दिवशी, शेवटचं वाचताना, ती एकेचाळिसाव्या पानावर अडखळली. मर्यादित क्षेत्रापुरतंच खरं असलेलं विधान तिने अमर्याद प्रतलाला लावलं होतं आणि पुढचं सगळं त्यावरच उभं होतं.

मार्गदर्शक सरांनी ते पान दोनदा वाचलं. "माझ्याही नजरेतून निसटलं गं. परीक्षकांच्याही निसटेल."

"मला दिसलंय ना, सर."

तिने प्रती पिशवीत भरल्या आणि दवाखान्यात खाटेवर पडलेल्या वडिलांना फोन लावला.

"काय डॉक्टरीणबाई, दिलंस का?"

"नाही, बाबा. चुकलंय. पुन्हा करावं लागेल."

"मी असेतोवर होईल ना गं?"

सिद्धतेशिवाय अवाक्षरही न बोलणारी ती चटकन म्हणाली, "होईल, बाबा."