तीन पट्टे की चार

माझ्या सासऱ्यांइतकं माशीकडे टक लावून बघणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतके धक्के मला दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत. पहिला धक्का मलकापुरात, मुलगी बघायला गेलो त्याच दिवशी. मी पोह्यांचा घास उचलला तोच हे गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून माझ्या अंगावर वाकले. "हालू नका बाप्पा!" मी गारच पडलो. माझ्या कॉलरवर माशी बसली होती. तिच्या पाठीवरचे काळे पट्टे मोजून ते मागे सरले. "चार हायेत. घरमाशी. बसू द्या." मुलगी पसंत आहे का, हे विचारायचं त्या घरात कुणाला सुचलंच नाही.

कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी परिचर म्हणून उभी हयात काढली. "माशी ती माशी, काय फरक पडतो?" असं मी एकदा जेवताना बोलून गेलो. "काऊन नाही पडत? तीन पट्ट्यांची अंडी नाही घालत, जित्या अळ्याच सोडते, अन् थेही जखमेत!" मी ताट बाजूला सारलं. गोठ्यातल्या माशीच्या तोंडाला सुई असते, हे तर त्यांनी मला माझ्याच पोटरीला चावू देऊन पटवलं.

लग्नानंतर ते आमच्या गावी, बीबीला, घरी आले. माझ्या आईला साखरेचा आजार, पायाची जखम भरता भरत नव्हती. चहा चालू असताना तिच्या पट्टीवर माशी बसली आणि भिंग वर गेलं. "तीन!" सासरे ओरडले, आणि भर बैठकीत, चार पाहुण्यांसमोर, व्याह्याने विहिणीचा पाय मांडीवर घेतला! माझ्या काकांच्या हातून बशी पडली. आईने पदर तोंडावर ओढला. "माफ करजा ईनबाई," म्हणत त्यांनी पट्टी सोडली. आत आधीच अळ्या वळवळत होत्या. आम्ही तसेच दवाखान्यात पळालो. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

पाय वाचला, पण आईची लाज काही गेली नाही. सासरे आले की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

आता काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. भिंग मात्र गळ्यात असतं. परवा आमच्या ओट्यावर बसले असताना त्यांच्या हातावर माशी बसली. हात न हलवता ते थांबून राहिले, कुणीतरी सांगेल म्हणून. मला फार वाईट वाटलं आणि मी मोजायला उठलो. तेवढ्यात आतून आई आली, त्याच पायाने चालत. पदर सावरून त्यांच्या हातावर वाकली आणि सावकाश मोजत राहिली.

"चार हायेत व्याहीबुवा," ती म्हणाली. "बसू द्या."